चोर स्विच

“गाडी कोण कोण चालवतं?”

बॉनेट उघडण्याआधी, मीटर हातात घेण्याआधी मिस्त्री हा प्रश्न विचारतात. समोरचं गिऱ्हाईक घाईत असतं. परवा रात्री शेजारच्या बिल्डिंगमधली गाडी गेली, आपली जाऊ नये, तासाभरात काय ते बसवून द्या, एवढंच त्याचं म्हणणं. मिस्त्री त्याला स्टुलावर बसवतात. वहिनी चालवतात का? मुलाला लायसन्स मिळालंय? ड्रायव्हर ठेवलाय? गाडी रात्री सोसायटीच्या आत असते की रस्त्याला? आणि उभी करायची जागा उताराची आहे का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण बुचकळ्यात पडतात.

पुण्यात नाना पेठेत, स्पेअर पार्ट्सच्या दुकानांच्या दाटीत, मिस्त्रींचं छोटं दुकान आहे. सेल्फ, आल्टरनेटर, हॉर्न, वायपर, उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग ही रोजची कामं. चोर स्विच बसवायचं काम महिन्यातून चार-दोन वेळाच येतं. पण गेल्या पस्तीसेक वर्षांत सगळ्यात जास्त विचार त्यांनी या एका कामाचा केला आहे. त्यावर बोलायला लागले की हातातला चहा गार होतो.

नावापासूनच सुरुवात करावी लागते. चोर स्विच म्हणजे चोराचा स्विच नव्हे. सदऱ्याचा चोरखिसा चोराचा नसतो, कपाटातला चोरकप्पा चोराचा नसतो, रायगडाची चोरदिंडी चोरांच्या सोयीसाठी बांधलेली नव्हती. जे डोळ्यांआड ठेवायचं, त्याला मराठीत चोर म्हणायची रीत आहे. गॅरेजातल्या कुणीतरी त्याच रीतीने हे नाव ठेवलं आणि ते रुळलं. ‘किल स्विच’ हा शब्द मिस्त्रींनी अगदी अलीकडे मोबाइलवरच्या व्हिडिओत ऐकला. त्यांना तो पटला नाही. “मारायचं काय त्यात? गाडीला गप्प बसवायचं असतं. मालक आला की तिनं पुन्हा बोलायला हवं.”

ते हे काम शिकले ते ज्या उस्तादांकडे, त्यांच्या काळात रस्त्यावर अँबेसिडर होत्या, प्रीमियर पद्मिनी होत्या (तिला सगळे फियाटच म्हणत) आणि मारुती ८०० नुकत्या दिसू लागल्या होत्या. या गाड्यांना चावी होती, पण ती नुसता विजेचा रस्ता जोडायची. चावी खरी की खोटी हे गाडीला कळायचं नाही. डॅशबोर्डाखाली हात घालून दोन वायरी एकत्र आणल्या की काम झालं. गॅरेजात त्याला ‘डायरेक्ट करणं’ म्हणतात. यावर ड्रायव्हर लोकांचा साधा उपाय असे. रात्री गाडी लावली की बॉनेट उघडायचं, डेल्कोची, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरची, टोपी काढायची, आतला बोटभर रोटर उपसून खिशात टाकायचा. प्रत्येक प्लगकडे पाळीपाळीने करंट पोचवणारा तोच; तो नसला की इंजिन मुकं. ही युक्ती इथलीच होती असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, जर्मन सैनिक छत्रीने उतरतील आणि रस्त्यावरच्या गाड्या पळवतील या धास्तीने ब्रिटनमध्ये उभी गाडी निकामी करून जाणं सक्तीचं केलं होतं. तेव्हा तिथले लोकही रोटरच काढून नेत.

पण रोज रात्री काळे हात करून घ्यायला कोण तयार होणार? मग स्विच आला. बॅटरीतून इग्निशन कॉइलकडे जाणारी वायर कापायची, तिची दोन टोकं लांबवून आत आणायची आणि मध्ये एक स्विच घालायचा. उस्तादांनी मिस्त्रींना शिकवलेली पहिली पद्धत ही. सोपी, स्वस्त, अर्ध्या तासाची.

याच पद्धतीने बसवलेल्या एका स्विचने मिस्त्रींना त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस दाखवला.

१९९६ सालचा मे महिना. एका शिक्षकांच्या फियाटला त्यांनी वर्षभरापूर्वी चोर स्विच बसवला होता. मास्तर बायको, दोन मुलं आणि म्हाताऱ्या आईला घेऊन साताऱ्याला निघाले. खंबाटकी घाट चढताना, ऐन वळणावर, गाडी काही न सांगता बंद पडली. मागे मालाने भरलेला ट्रक होता. गाडी मागे सरकायला लागली. मास्तरांनी हँडब्रेक ओढला, मुलानं उडी मारून चाकाला दगड लावला. ट्रकवाला सावध होता म्हणून निभावलं. कुणाच्या तरी गाडीतून मास्तर खाली खंडाळ्यात आले आणि एसटीडी बूथवरून मिस्त्रींच्या शेजारच्या दुकानात फोन केला. मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन स्कूटरवरून निघाले. पुण्यापासून साठेक किलोमीटर.

गाडीला काही झालं नव्हतं. कॉइलजवळची त्यांची स्वतःची जोड सुटली होती. दोन तारा एकमेकींना पिळून वर टेप गुंडाळलेली. इंजिनाच्या उष्णतेने टेपचा डिंक पाघळून टेप उलगडली होती, तांब्यावर हिरवट थर चढला होता आणि वर्षभराच्या थरथरीने पीळ सैल झाला होता. दोन मिनिटांत जोड नीट करून त्यांनी गाडी सुरू करून दिली. मास्तर एक शब्दही रागाने बोलले नाहीत. रस्त्याकडेच्या झाडाखाली बसलेल्या आजींनी मिस्त्रींना विचारलं, “बाळा, पाणी पिलास का?” हे सांगताना मिस्त्रींचा आवाज आजही बसतो.

त्या दिवसापासून त्यांच्या दुकानात पीळ आणि टेप एवढ्यावर एकही जोड बाहेर गेलेली नाही. तारेला डाग द्यायचा, म्हणजे सोल्डर करायचं. किंवा योग्य मापाचं थिंबल पक्क्या पकडीने दाबायचं. त्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवायची. आणि जोडीला ओढ बसू नये म्हणून वायर अलीकडे-पलीकडे बांधून टाकायची. नवा पोऱ्या कामाला लागला की पहिला महिना तो फक्त जोडी करतो. मिस्त्री प्रत्येक जोड धरून ओढून बघतात.

त्यांनी विचारही बदलला. तोवर त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न असे, चोर आला तर गाडी बंद राहील ना? घाटानंतर दुसरा प्रश्न त्याच्या आधी आला: आपलं काम बिघडलं तर गाडी चालू राहील ना? जुन्या, डेल्कोत करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट असलेल्या गाड्यांसाठी त्यांना उत्तर सापडलं ते उलट्या बाजूने. कॉइलची येणारी वायर कापायचीच नाही. कॉइलच्या दुसऱ्या टोकाला, पॉइंटकडच्या बाजूला, एक जास्तीची वायर जोडायची आणि स्विचमधून बॉडीला, म्हणजे अर्थला, द्यायची. स्विच दाबला की पॉइंट उघडले तरी करंट तुटत नाही, आणि करंट तुटल्याशिवाय ठिणगी पडत नाही. चोराने बॅटरीपासून कॉइलपर्यंत थेट वायर टाकली तरी गाडी मुकीच. आणि मिस्त्रींची वायर कधी तुटलीच, तर बिघडतो फक्त चोर स्विच. गाडी धावत राहते. मला स्वतःला या सगळ्या कामात सर्वांत सुंदर वाटली ती ही जोडणी. बिघाड व्हायचाच असेल तर तो मालकाच्या बाजूने व्हावा, ही माया तिच्यात आहे.

मोटारसायकलींचं गणित आणखी निराळं. सीडीआय, म्हणजे ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, असलेल्या कितीतरी जुन्या गाड्यांमध्ये चावी बंद करणं म्हणजे सीडीआयची एक वायर अर्थला लावणं. म्हणून चोर चावीशी झटापट करत बसत नाही. हेडलाइटमागचा कपलर उपसतो. अर्थ सुटला की चावीच्या लेखी गाडी ‘चालू’. किक मारली की निघाली. हँडल लॉक मोडायला लागेल तेवढाच वेळ. अशा गाडीला चोर स्विच अर्थच्या वायरीवर बसवून उपयोग शून्य. तो सीडीआयला वीज पुरवणाऱ्या किंवा इशारा देणाऱ्या कॉइलच्या वायरीत, मध्येच बसवावा लागतो. मिस्त्री सांगतात, चुकीच्या वायरीवर बसवलेले स्विच घेऊन अजून पोरं येतात. पैसे गेलेले असतात, आणि गाडीही जाऊ शकते हे त्यांना माहीत नसतं.

२००० च्या आसपास एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल फवारून इंजिनात सोडणाऱ्या, गाड्या आल्या. कार्ब्युरेटर गेला, हळूहळू डेल्को गेला, पेट्रोलचा पंप विजेवर चालणारा झाला आणि टाकीत जाऊन बसला. आता दोन रस्ते उरले. एक, पंपाच्या रिलेला गप्प करायचं. दोन, सेल्फला.

पंप बंद ठेवला तर गाडी सुरू होते, पाइपात साठलेल्या दाबावर काही क्षण चालते आणि मरते. चोराला वाटतं पेट्रोल संपलं. गल्लीच्या तोंडाशी, दिव्याखाली, बंद गाडीत बसून राहायची हिंमत त्याला होत नाही. कोथरूडच्या एका गिऱ्हाईकाची गाडी सकाळी अशीच फाटकापासून काही पावलांवर तिरपी उभी सापडली, दार उघडं, आत स्टिअरिंगखालचं कव्हर उचकटलेलं. पण हाच स्विच मालक स्वतः विसरला तर गाडी त्याच्यासह चौकात जाऊन थांबते. ही जोखीम मिस्त्रींना झेपत नाही. म्हणून घरच्या गाड्यांना ते सेल्फचा रस्ता घेतात. सेल्फच्या सोलेनॉइडला जाणारी इशाऱ्याची वायर अडवायची. चावी फिरवली की फक्त शांतता. एकदा सुरू झालेल्या इंजिनाशी या वायरीचा काही संबंध नाही, त्यामुळे चालती गाडी या स्विचमुळे कधीच बंद पडत नाही.

यालाही एक भोक आहे, आणि उताराचा प्रश्न इथेच येतो. गिअरची गाडी धक्का मारून सुरू होते. उतारावर उभी असेल तर धक्काही लागत नाही. हँडब्रेक सोडायचा, दुसरा गिअर, क्लच सोडायचा. म्हणून उतारावर गाडी लावणाऱ्याला ते एकट्या सेल्फच्या भरवशावर सोडत नाहीत. ऑटोमॅटिक गाडीचा प्रश्नच मिटतो. ती धक्क्याने सुरू होतच नाही. डिझेल गाडीत ठिणगीच नसते, तेव्हा तिथे सेल्फ किंवा डिझेलचा पुरवठा तोडणारं सोलेनॉइड, एवढंच हातात राहतं.

सेल्फची मोटर सुरू होताना शंभर अँपिअरच्या पुढे करंट ओढते. सोलेनॉइडची वायरही क्षणभर बराच करंट मागते. बोटाएवढ्या स्विचमधून एवढा करंट नेला तर त्याचे पॉइंट जळतात, चिकटतात, आणि मग स्विच असून नसल्यासारखा. म्हणून मध्ये रिले. ३० आणि ८७ या पिनांमधून जाड करंट जातो. ८५ आणि ८६ मधून रिलेला जागं करणारा बारीक करंट, अँपिअरचा जेमतेम सहावा-सातवा हिस्सा. स्विच या बारीक करंटवर बसतो. वायर दोऱ्यासारखी पातळ चालते, कुठेही नेता येते, गरम होत नाही. पण तिलाही फ्यूज हवाच. पिवळ्या वेष्टणातल्या वायरींना ते हात लावत नाहीत, कारण तो एअरबॅगचा मार्ग. नव्या गाडीच्या मालकाला वॉरंटीचं काय होऊ शकतं ते आधी सांगतात आणि कंपनीला विचारून यायला लावतात. काही जण परत येत नाहीत. त्याला त्यांची हरकत नाही.

लपवण्याच्या जागा मी इथे लिहिणार नाही; मिस्त्रींची ती अट होती आणि ती योग्यच आहे. लपवण्याच्या कामातलं त्यांचं बारकं लक्ष तेवढं सांगतो. मूळ वायरींच्या काळ्या जुडग्यात नवी लाल वायर दिसली की चोराला बोट दाखवल्यासारखं होतं, म्हणून ते मूळ रंगाचीच वायर वापरतात, वर कंपनीत असते तशी कापडी टेप. काम झाल्यावर जुन्या फडक्यातली धूळ त्या जागेवर हलकेच फिरवतात. चारी बाजूंना धूळ आणि मध्ये स्वच्छ पट्टा असं दिसता कामा नये. आणि स्विच असा हवा की हात तिथे एरवीही जातो. रोज वाकून, चाचपडून गाडी सुरू करणारा माणूस पार्किंगमधल्या प्रत्येकाला आपलं गुपित सांगत असतो.

गुपिताची खरी अडचण दुसरीच आहे. ते मिस्त्रींनाही माहीत असतं.

२००३ साली त्यांनी स्विच बसवलेली एक गाडी चोरीला गेली. पोलिसांनी मालकाला विचारलं, स्विच कुठं होता हे कुणाला ठाऊक? मालकाने खरं ते सांगितलं. मिस्त्री अर्धा दिवस चौकीत बसले. कुणी हात लावला नाही, पण जो तो त्यांच्याकडे बघत होता. नंतर समजलं की गाडी सुरू केलीच नव्हती, दुसऱ्या गाडीला बांधून ओढून नेली होती. ओढून नेणाऱ्यापुढे कुठलाही स्विच चालत नाही. मिस्त्रींवरचा संशय गेला, पण त्यांना रात्री झोप येईना. शेकडो घरांचं गुपित आपल्या डोक्यात आहे, ही जाणीव तेव्हा पहिल्यांदा झाली.

त्यांनी पद्धत बदलली. रिलेपर्यंतचं सगळं काम दुकानात, पोऱ्याच्या मदतीने. मग पोऱ्याला चहा आणायला पाठवायचं आणि मालकाला हाक मारायची. बारीक वायर तीन-चार जागी पोचेल इतकी लांब ठेवलेली असते. त्या सगळ्या जागा ते दाखवतात, स्विच कसा चिकटवायचा आणि जोडायचा ते मालकाच्या हातून करून घेतात, मग वायर सोडवून घरी जाऊन हवा तिथे बसवायला सांगतात. ज्यांना ते जमत नाही त्यांचा स्विच ते स्वतः बसवतात, पण कुठेही लिहून ठेवत नाहीत. त्यांच्याकडे शिकलेल्या एकाने हडपसरला स्वतःचं दुकान टाकलंय. इतकी वर्षं चहाला का पाठवत होते, याचा त्याला तेव्हा राग यायचा. आता त्याचा पोऱ्याही चहा आणायला जातो.

चावीत चिप आली तेव्हा मिस्त्रींना वाटलं होतं की हे काम संपलं. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला, कॅनडात २००७ मध्ये. चिपची ओळख पटल्याशिवाय गाडीचा कॉम्प्युटर इंजिन चालूच देत नाही. ही रचना किती मोलाची, ते अमेरिकेत दिसलं. तिथे सक्ती नव्हती आणि किया-ह्युंदाईच्या २०२१ पर्यंतच्या अनेक मॉडेलांत इमोबिलायझर नव्हता. मिलवॉकी शहरातल्या पोरांनी यूएसबी केबलचं टोक वापरून त्या पळवायला सुरुवात केली, त्याचे व्हिडिओ पसरले, आणि २०२३ मध्ये सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी कंपन्यांना नवं सॉफ्टवेअर द्यावं लागलं. तिकडे राहणाऱ्या, एका जुन्या गिऱ्हाईकाच्या मुलाने त्या वेळी मिस्त्रींना व्हिडिओ कॉल केला होता. गाडी ऑटोमॅटिक आहे म्हटल्यावर त्यांनी एका वाक्यात सांगितलं, “सेल्फची वायर अडव, बाकी कशाला हात लावू नकोस.”

इकडे चोरही शिकले. गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला टॅब्लेट लावून नवी चावी तयार करणाऱ्या टोळ्या आल्या. गाडीच्या कॉम्प्युटरला ती चावी खरीच वाटते. पण मिस्त्रींची वायर कॉम्प्युटरला विचारत नाही. टॅब्लेटवर चोर स्विच दिसत नाही. तो शोधायला खाली वाकून, कव्हर उचकटून, वेळ घालवावा लागतो. म्हणून गेल्या काही वर्षांत मोठ्या गाड्यांचे मालक पुन्हा नाना पेठेत येऊ लागले आहेत. एक गोष्ट मिस्त्री आवर्जून सांगतात. २००२ च्या मोटार विम्याच्या टॅरिफमध्ये चोरीरोधक उपकरणासाठी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट ठेवली होती. ती पुण्यातच, वेताळ टेकडीवर असलेल्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने मान्य केलेल्या उपकरणांना. हाताने बसवलेल्या स्विचला नाही. तेव्हा नुसत्या स्विचवर विसंबू नका; विमा चालू ठेवा, दोन्ही चाव्या जपा.

मागच्या पावसाळ्यात एक तरुण दुकानात आला. वडिलांना जाऊन पाच महिने झाले होते आणि त्यांची गाडी तेव्हापासून सुरूच होत नव्हती. दोन गॅरेज झाली. बॅटरी बदलली, सेल्फ बदलला. आता गाडी विकून टाकू, असं आई म्हणत होती. वडिलांच्या पाकिटात मिस्त्रींचं जुनं कार्ड सापडलं, म्हणून तो आला. मिस्त्रींना गाडी आठवली. मालकांचे हात थरथरायचे, म्हणून तिचा स्विच त्यांनी स्वतःच बसवला होता. त्यांनी दुकान पोऱ्यावर सोपवलं, मुलाच्या मागे बसून बिबवेवाडीला गेले, गाडीत बसले, हात एका जागी नेला आणि चावी फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात बोललं. गॅलरीतून आई धावत खाली आली. तिला वाटलं, क्षणभर, की तेच आलेत. मिस्त्रींनी मुलाला स्विचची जागा दाखवली आणि त्याच्या हातून दहा वेळा गाडी सुरू करून घेतली. पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर ते प्रत्येक गिऱ्हाईकाकडून कबूल करून घेतात की घरातल्या एका तरी माणसाला स्विचची जागा सांगेन. वाचकांपैकी कुणाच्या गाडीत चोर स्विच असेल तर त्यांनी आज संध्याकाळीच तेवढं करावं. आणि तो पंधरा-वीस वर्षांपूर्वी बसवलेला असेल, तर पुढचा घाट चढण्याआधी त्याची जोड एकदा उघडून बघून घ्यावी.